दाताच्या डॉक्टरांची भीती आणि होमिओपॅथीच्या गोड गोळ्या

मुलाची दाढ भरायची किंवा दात काढायचा ठरला की पालक हमखास विचारतात: "फार घाबरतो हो. आदल्या रात्रीपासून अ‍ॅकोनाइटच्या गोळ्या सुरू करू का?" विचारणाऱ्याला मुलाची काळजी असते, म्हणून 'द्या' किंवा 'नका देऊ' एवढं बोलून त्याची बोळवण करणं बरं नाही. गोळीमुळे भीती कमी होत नाही. पण गोळी निवडताना होमिओपॅथ जे प्रश्न विचारतात, ते मात्र सोन्यासारखे आहेत. भीती कधी सुरू होते? मूल गप्प होतं की आरडाओरडा करतं? चिकटतं की दूर ढकलतं? शौचाला पळतं का? रात्री झोपलं होतं का? हे प्रश्न गोळीच्या बाटलीपाशी संपवायचे नाहीत, उपचार कसा करायचा हे ठरवायला वापरायचे.

दाताच्या भीतीसाठी ठरावीक नावं सुचवली जातात. अ‍ॅकोनाइट, म्हणजे बचनागाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेलं औषध, अचानक उसळणाऱ्या भीतीसाठी सांगतात: मूल वाटेत हसतखेळत असतं आणि खुर्ची दिसताच त्याचा थरकाप होतो. जेल्सेमियम हे आधीपासून धास्ती घेऊन गळून जाणाऱ्या मुलासाठी. अर्जेंटम नायट्रिकम, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, 'कधी जायचं, किती वेळ लागेल, मग काय करतील' असं विचारून भंडावणाऱ्या आणि पोट बिघडवून घेणाऱ्या मुलासाठी. कॅमोमिला चिडलेल्या, कशानेही समाधान न होणाऱ्या, उचलून घेतलं तरच जरा थांबणाऱ्या मुलासाठी. पल्सॅटिला आईला चिकटून मुळूमुळू रडणाऱ्या मुलासाठी. उपचार झाल्यावर सुजेसाठी आर्निका आणि नसेच्या दुखण्यासाठी हायपेरिकम. निरीक्षण म्हणून यातलं प्रत्येक वर्णन खरं आहे, दाताच्या दवाखान्यात अशी मुलं रोज दिसतात.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. बाटलीवर लिहिलेलं '३० सी' म्हणजे मूळ अर्काच्या एका भागात ९९ भाग अल्कोहोल किंवा पाणी घालून हलवायचं, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत मिसळायचा, असं तीस वेळा. हिशेब केला तर मूळ पदार्थ १ वर ६० शून्ये इतक्या पटीने पातळ होतो. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये रेणू असतात साधारण ६ वर २३ शून्ये. म्हणजे बाराव्या पातळीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू शिल्लक राहण्याची शक्यता संपत येते, आणि पुढच्या अठरा पायऱ्यांत अल्कोहोलात अल्कोहोल मिसळलं जातं. ते द्रावण साखरेच्या गोळ्यांवर शिंपडून वाळवतात. मुलाच्या जिभेवर येते ती साखर.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कुठल्याही आजाराबाबत मिळत नाही. तोंडाच्या शस्त्रक्रियेपुरतं बोलायचं तर नॉर्वेतला १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. २४ जणांवर तीच शस्त्रक्रिया दोन वेगळ्या वेळी झाली. एकदा होमिओपॅथीचं औषध दिलं, एकदा औषध नसलेली तशीच गोळी. कधी काय दिलं हे ना रुग्णाला माहीत, ना नोंद करणाऱ्याला. वेदना, सूज, तोंड उघडण्याची क्षमता, कशातच औषधाचा फायदा दिसला नाही. आर्निकाचा आग्रह धरणाऱ्यांनी हे वाचायला हवं, कारण इथे तुलना दोन वेगळ्या माणसांची नव्हती, त्याच माणसाच्या दोन शस्त्रक्रियांची होती.

मग "आमच्या मुलीला फरक पडला" असं इतके पालक का सांगतात? ते खोटं बोलत नसतात. गोळी दिल्यावर पालक स्वतः निश्चिंत होतात, आणि लहान मूल दवाखान्यात सर्वांत आधी आईबाबांचा चेहरा वाचतं. गोळी देण्यासाठी कुणीतरी त्याला जवळ घेऊन दोन मिनिटं शांत बसतं. शिवाय दुसरी भेट पहिलीपेक्षा तशीही सोपी जाते, कारण जागा आणि माणसं ओळखीची झालेली असतात. हे तिन्ही परिणाम खरे आहेत आणि तिन्ही गोळीशिवाय मिळतात.

म्हणून त्या वर्णनांकडे पुन्हा वळू, आणि प्रत्येक मुलासाठी काय करायचं ते बघू.

आधीपासून धास्ती घेणारं मूल, म्हणजे जेल्सेमियम आणि अर्जेंटम नायट्रिकमच्या वर्णनातलं. इथे चूक होते ती सांगण्याच्या वेळेत. आठवडाभर आधी सांगितलं की मूल आठवडाभर मनात चित्रं रंगवतं. अजिबात न सांगता 'फिरायला जाऊ' म्हणून नेलं की पुढच्या प्रत्येक फिरण्यावरचा त्याचा विश्वास उडतो, आणि तो पुन्हा मिळवणं दाढ भरण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी सांगावं. सहा ते नऊच्या मुलाला एक-दोन दिवस आधी. त्याहून मोठ्याला तीन-चार दिवस आधी, आणि त्याच्या हातात काही निर्णय देऊन: सकाळची वेळ की दुपारची, कानात काय ऐकायचं, डोळ्यांवर गडद चष्मा हवा का. दात काढायचा की नाही हा निर्णय मात्र त्याचा नाही, म्हणून तो प्रश्न त्याला विचारूच नये. 'जाऊया का?' असं विचारून 'नाही' आल्यावर ओढत न्यायचं, हे फार वाईट.

प्रश्न विचारून भंडावणाऱ्या मुलाला 'काही नाही होत रे' हे उत्तर पुरत नाही. त्याला क्रम हवा असतो. 'आधी खुर्ची मागे जाईल. मग डॉक्टर छोट्या आरशाने दात मोजतील. मग हिरडीवर मलम लावतील. मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल. मग पाण्याचा फवारा आणि पाणी ओढणारी नळी.' पाच-सहा पायऱ्या पुरेत. पुढचं विचारलं आणि तुम्हाला माहीत नसेल, तर 'ते आपण डॉक्टरांनाच विचारू' म्हणून त्याचा प्रश्न कागदावर लिहून न्यावा. डॉक्टरांनी तो कागद वाचून उत्तर दिलं की ओळख अर्धी होऊन जाते.

अ‍ॅकोनाइटच्या वर्णनातलं, खुर्चीत बसताच बिथरणारं मूल वेगळं. त्याला घरी कितीही समजावलं तरी आवाज, वास, उजेड यांचा एकदम मारा झाला की सगळं विसरतं. त्याच्यासाठी पहिली भेट उपचाराविना असावी: खुर्चीत बसायचं, खुर्ची वरखाली करायची, दात मोजून घ्यायचे, निघायचं. दहा मिनिटं. पुढच्या भेटीत 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत. दंतवैद्य अ‍ॅडल्स्टन यांनी ती १९५९ साली मांडली आणि आजही बालदंतवैद्यकाचा पाया तीच आहे. ब्रश मशीनला लावायच्या आधी काय आहे ते सांगायचं, मग मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचं, मग लगेच दातावर करायचं. यातली 'लगेच' महत्त्वाची. दाखवणं आणि करणं यांत पाच मिनिटं गेली की भीती पुन्हा भरते. आणि जे दाखवलं तेच करायचं. आरसा दाखवून टोकदार हत्यार आत घातलं तर ती पद्धत राहिली नाही, फसवणूक झाली.

या मुलासाठी दुसरी गोष्ट म्हणजे थांबण्याची खूण: डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील. डावाच, कारण बहुतेक डॉक्टर मुलाच्या उजव्या बाजूला बसतात आणि उजवा हात त्यांच्या कोपराला लागतो. ही खूण घरी करून बघावी. मूल पहिल्यांदा हात वर करतं ते दुखलं म्हणून नव्हे, डॉक्टर खरंच थांबतात का ते तपासायला. त्या पहिल्या वेळी थांबलं गेलं नाही, तर खुणेचा उपयोग संपला. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा की ते खूण पाळतील का.

श्वासाचा सराव दोन-तीन दिवस आधीपासून करता येतो. नाकाने चार आकडे मोजत आत, तोंडाने सहा आकडे मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब असला की हृदयाचे ठोके मंदावतात. पाच वर्षांखालच्या मुलाला आकडे जमत नाहीत, त्याला साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. मोठा फुगा हवा असेल तर हळूच फुंकावं लागतं, आणि हवं असतं ते नेमकं हेच. खुर्चीत तोंड उघडं असताना तोंडाने फुंकता येणार नाही, म्हणून शेवटच्या दिवशी तोंड उघडं ठेवून नाकाने श्वास घ्यायचा खेळ खेळावा. ज्या मुलाला हे जमतं त्याला घशात पाणी साठल्यावर ओकारी येण्याचा त्रासही कमी होतो. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर नियोजित उपचाराची तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं.

कॅमोमिलाच्या वर्णनातलं चिडलेलं मूल बहुतेक वेळा घाबरलेलं नसतंच. त्याचा दात दुखत असतो आणि ते रात्रभर झोपलेलं नसतं. इथे गोळ्यांनी खरं नुकसान होतं, कारण त्या देत बसण्यात वेळ जातो आणि वेदना तशीच राहते. अशा मुलाला डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे वेदनाशामक द्यावं. पॅरासिटामॉलचा नेहमीचा हिशेब किलोमागे १५ मिलिग्रॅम असा आहे, म्हणजे १२ किलोच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. घोळ होतो तो बाटलीवरच्या तीव्रतेत. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं सिरप असतं आणि २५० मिलिग्रॅमचंही असतं. 'एक चमचा' हे माप म्हणून धोक्याचं. मिलिलिटरच्या खुणा असलेल्या पिचकारीने मोजावं. आणि सर्दीतापाचं दुसरं औषध चालू असेल तर त्यातही पॅरासिटामॉल आहे का ते वाचून पाहावं. वेदनाशामकाची गोळी थेट हिरडीवर ठेवू नये, त्याने हिरडी भाजते.

अशा मुलाची वेळ सकाळची घ्यावी, झोप झालेली असताना. दुपारच्या झोपेच्या वेळी किंवा शाळेतून थकून आल्यावर नेलेलं मूल कुठल्याच उपायाला दाद देत नाही. आणि फक्त जागा बधिर करून काम करायचं असेल तर मुलाला उपाशी नेऊ नये. तास-दीड तास आधी हलकं खाऊ घालावं. गुंगीच्या औषधासाठी उपाशी राहायचं असतं, साध्या इंजेक्शनसाठी नाही. या दोन्हींची गल्लत होऊन कितीतरी मुलं विनाकारण भुकेजलेली येतात आणि चिडचिड करतात.

पल्सॅटिलाच्या वर्णनातलं चिकटणारं मूल आईबाबांपासून वेगळं करू नये, विशेषतः तीन वर्षांच्या आत. त्या वयात गुडघ्याला गुडघा लावून तपासणी करतात: पालक आणि डॉक्टर समोरासमोर बसतात, मूल पालकाकडे तोंड करून मांडीवर बसतं आणि मागे झुकून डोकं डॉक्टरांच्या मांडीवर ठेवतं. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो आणि हात आईच्या हातात असतात. थोडं रडेल, रडताना तोंड उघडं राहतं आणि तपासणी मिनिटभरात होते. मोठ्या मुलाबरोबर पालक आत थांबले तर एक पथ्य पाळावं: बोलणारा आवाज एकच असावा, डॉक्टरांचा. आई 'घाबरू नको', बाबा 'तोंड मोठं उघड', डॉक्टर तिसरंच काही, असं झालं की मूल कुणाचंच ऐकत नाही. पालकाने पायावर हात ठेवून गप्प बसावं. स्वतःलाच इंजेक्शन बघवत नसेल तर दुसऱ्या कुणाला आत पाठवावं, त्यात कमीपणा नाही.

शब्दांबद्दल थोडं. 'दुखणार नाही' म्हटलं की मुलाच्या कानात 'दुखणार' एवढंच राहतं. 'सुई', 'कापणं', 'उपटणं' हे शब्द आदल्या दिवशी घरात नकोत, मोठ्यांच्या आपापसातल्या गप्पांतही नकोत. त्याऐवजी 'दाताला झोपवायचं', 'कीड धुऊन काढायची', 'दात हलवून बाहेर घ्यायचा'. पण मुलाने थेट विचारलं, 'इंजेक्शन देणार का?', तर 'नाही' म्हणू नये. 'दाताला झोपवायचं औषध देतील. आधी मलम लावतील. थोडं दाबल्यासारखं, चिमटा काढल्यासारखं वाटेल, दहापर्यंत मोजेस्तोवर.' खरं आणि सहन होईल इतकं. आणि एरवी घरात 'नीट वागला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' ही धमकी कुणीच देऊ नये, आजी-आजोबांनीही नाही. त्या धमकीवर कुठल्याच पोटन्सीचं, म्हणजे '३० सी'सारख्या कुठल्याच ताकदीचं, औषध नाही.

इंजेक्शन हा भीतीचा गाभा आहे, म्हणून ते कसं चांगलं होतं हे पालकांना माहीत असावं. आधी हिरडी कापसाने कोरडी करतात, मग सुन्न करणारं जेल थोडंसं लावून एक-दोन मिनिटं थांबतात. ओल्या हिरडीवर लावलं तर ते लाळेत वाहून जातं, जीभ आणि घसा बधिर होतो, मूल घाबरून गिळायला बघतं, आणि टोचायची जागा मात्र बधिर होतच नाही. त्या दोन मिनिटांची घाई सर्वांत महाग पडते. मग बारीक सुई आणि सावकाश दाब. दुखतं ते टोचण्यापेक्षा औषध वेगाने आत ढकलल्याने. दोन वर्षांखालच्या मुलाला घरी बेन्झोकेन या सुन्न करणाऱ्या औषधाचं जेल लावू नये. त्याने रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटण्याचा दुर्मिळ पण गंभीर धोका आहे.

कधीकधी इंजेक्शन देऊनही मूल 'दुखतंय' म्हणतं आणि सगळे त्याला नाटकी ठरवतात. दाताच्या मुळाशी पू असेल तर तिथल्या उती आम्लधर्मी झालेल्या असतात आणि भुलीचं औषध तिथे नीट काम करत नाही. मूल खरं बोलत असतं. आणखी औषध देत राहणं हा उपाय नाही, कारण वजनाप्रमाणे मर्यादा असते: लिडोकेन या भुलीच्या औषधासाठी किलोमागे ४.४ मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या नळीत, ३६ मिलिग्रॅम असतात, म्हणजे १५ किलोच्या मुलाला दोन पूर्ण कार्ट्रिजसुद्धा मर्यादेबाहेर जातात. अशा वेळी डॉक्टर पुवाला वाट करून देतात, गरज असेल तर प्रतिजैविक देतात आणि मुख्य काम दुसऱ्या दिवसावर ठेवतात. तसं सांगितलं तर 'आज आलोच आहोत तर उरकून टाका' असा हट्ट धरू नये.

भीती कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र वेगळाच आहे: इंजेक्शन आणि ड्रिल यांची गरजच पडू न देणं. दुधाच्या दातांबाबत हे पुष्कळदा शक्य असतं आणि पालकांनी ते विचारायला हवं. ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव किडलेल्या जागी लहान ब्रशने मिनिटभर लावलं की बहुतेक वेळा कीड वाढायची थांबते. दात आतून दुखत नसेल आणि पू नसेल तरच. किडलेला भाग कायमचा काळा होतो, ओठाला लागलं तर तिथला डाग काही दिवसांनी जातो, आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. काळा डाग पुढच्या दातावर पालकांना नको असतो, पण मागच्या दाढेवर कुणाला दिसत नाही. गंमत म्हणजे चांदी इथेही आहे आणि अर्जेंटम नायट्रिकमच्या नावातही. फरक एवढाच की इथे ती खरोखर असते, दातात उतरते आणि जंतू मारते.

दुसरी म्हणजे हॉल पद्धत, स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाची. दुधाच्या दाढेतली कीड न कोरता तिच्यावर स्टीलची टोपी बसवून सिमेंटने बंद करतात. आतल्या जंतूंना साखर मिळत नाही, कीड थांबते. टोपीला जागा व्हावी म्हणून आधी तीन ते पाच दिवस दातांच्या फटीत रबराची बारीक कडी ठेवावी लागते. टोपी बसल्यावर चावताना ती उंच वाटते, हे अपेक्षित आहे आणि काही आठवड्यांत दात जुळून येतात; ते न सांगितल्यामुळे पालक घाबरून ती काढायला लावतात. तिसरी पद्धत मशीनशिवाय, हातातल्या हत्यारांनी मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंट भरण्याची. मशीनच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी ती उत्तम.

एवढं करूनही काही मुलांना जमत नाही. त्यात ना मुलाचा दोष, ना तुमचा. नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड हा धास्ती कमी करणारा वायू आणि ऑक्सिजन देतात; नायट्रसचं प्रमाण बहुधा ३० ते ५० टक्के. मूल जागं असतं, बोलतं, पण धास्ती ओसरते. शेवटी साधारण पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात आणि थोड्याच वेळात मूल पूर्ववत होतं. नाकाने श्वास घेता येत नसेल किंवा मूल मास्कच लावू देत नसेल तर मात्र हा उपाय चालत नाही. त्यापुढे तोंडाने द्यायचं गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल, ज्यासाठी साधारणपणे घन अन्न आणि दूध सहा तास, आईचं दूध चार तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवतात. होमिओपॅथीच्या गोळ्या त्या सकाळी दिल्या असतील तर तेही भूलतज्ज्ञांना सांगावं. आणि गुंगीचं औषध कधीही घरून पाजून नेऊ नये, मग ते कुणीही लिहून दिलेलं असो. वाटेत मुलाचा श्वास मंदावला तर तुमच्याकडे ना ऑक्सिजन असतो ना तो द्यायला माणूस.

हे सगळं वाचूनही गोळ्या द्यायच्याच असतील तर निदान त्या निरुपद्रवी राहतील हे बघा. लेबलवर काय लिहिलंय ते पाहा. ३० सी किंवा २०० असेल तर आत साखर आहे. पण '१ एक्स', '३ एक्स' (एक्स म्हणजे दर पायरीला फक्त दहापट पातळ) किंवा 'मदर टिंक्चर', म्हणजे मूळ अर्क, असेल तर मूळ पदार्थ खरोखर असू शकतो, आणि अ‍ॅकोनाइट व बेलाडोना ही दोन्ही मुळात विषं आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली बाळांच्या दात येण्यासाठीच्या होमिओपॅथी गोळ्या व जेल वापरू नका असा इशारा दिला आणि २०१७ साली तपासणीत काही गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण लेबलपेक्षा जास्त आणि गोळीगणिक वेगळं आढळल्याचं जाहीर केलं. लाल चेहरा, मोठ्या झालेल्या बाहुल्या, कोरडं तोंड, लघवी न होणं, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी यांतलं काही दिसलं तर बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालयात जावं. थेंबांची औषधं अल्कोहोलमध्ये असतात, मुलाला ती नकोत. 'रेस्क्यू रेमेडी' हे एडवर्ड बाख या ब्रिटिश डॉक्टरांच्या फुलांच्या अर्कांपैकी. ते होमिओपॅथी नाही, पण शेजारीच ठेवलेलं असतं, आणि त्याचे मूळ थेंब ब्रँडीतले असतात.

साखरेचा मुद्दा छोटा वाटतो पण दातांच्या बाबतीत तोच मोठा. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत दातावरच्या थराचं आम्ल वाढतं, पीएच ५.५ च्या खाली जातो आणि सावरायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. दोन गोळ्या एकदा दिल्याने काही बिघडत नाही. 'दर दोन तासांनी चार गोळ्या' आणि रात्री ब्रश केल्यावर झोपताना पुन्हा, असं आठवडाभर चाललं तर ज्या किडीसाठी जायचं तिलाच खाऊ घालणं झालं. झोपेत लाळ कमी असते, म्हणून रात्रीची मात्रा सर्वांत वाईट.

याहून मोठं नुकसान पथ्याने होतं. पुदिना आणि कापराने औषधाचा गुण जातो असं सांगितल्यामुळे घरात टूथपेस्टच बंद होते, आणि तिच्याबरोबर फ्लोराइड जातं. पथ्य पाळायचंच असेल तर पुदिन्याशिवायची फ्लोराइड पेस्ट शोधा: किमान १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड, आकडा ट्यूबवर असतो), तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी. ब्रश सोडू नका. आणि 'औषधाने आधी त्रास वाढतो, मग बरं वाटतं' हे वाक्य दाताला कधीही लावू नका. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, डोळ्याकडे चढणारी सूज: हा पसरणारा जंतुसंसर्ग आहे. त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचे. गिळता येत नसेल किंवा श्वासाला अडचण असेल तर दाताच्या दवाखान्यात नव्हे, थेट रुग्णालयात.

उपचार झाल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. लहान मुलं त्या नवलाईने ओठ चावतात, आणि दुसऱ्या दिवशी ओठ टरारून सुजतो. तो पांढरट चट्टा पू नसतो, भाजल्यासारखी जखम असते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. आर्निकाची गरज नाही. बधिरता जाईपर्यंत काही चावायला देऊ नये, गालाला हात लावू देऊ नये, आणि शक्यतो झोपू देऊ नये. परत येताना 'खूप दुखलं का रे?' असं विचारू नका. 'तू हात वर केलास आणि डॉक्टर थांबले, पाहिलंस?' असं त्याने नीट केलेलं एक नेमकं काम सांगा. मुलाच्या आठवणीत भेट कशी बसते हे पहिल्या काही बोलण्यांवर बरंच ठरतं. पुढची अपॉइंटमेंट दोन-तीन आठवड्यांत घ्या आणि ती सोपी ठेवा, फक्त दात मोजण्याची आणि फ्लोराइड लावण्याची.